वीज, कांदा, केमो आणि बॉम्ब : अणूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हिरोशिमाच्या बातम्या येतात आणि त्याच आठवड्यात कुणीतरी हमखास विचारतं, की विकिरण केलेला कांदा खाल्ला तर चालतो का. दोन्ही भीती एकाच पिशवीत भरलेल्या असतात. महाराष्ट्रात राहणाऱ्याला हा विषय लांबचा नाही. ट्रॉम्बे, तारापूर, लासलगाव, जैतापूर ही सगळी नावं आपल्याच नकाशावरची आहेत. (शीर्षकातल्या केमोचा अणूशी संबंध नाही, पण लोक विचारतात तसंच ठेवलंय. त्याचं उत्तर पुढे आहे.)

वीज आणि बॉम्ब दोन्हींत युरेनियमच असतं ना? मग फरक कशात?

खाणीतून निघणाऱ्या युरेनियमच्या हजार अणूंपैकी जेमतेम सात युरेनियम-२३५ चे असतात. संथ न्यूट्रॉन लागला तरी फुटतात ते हेच. बाकी जवळजवळ सगळं युरेनियम-२३८. जगातल्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना २३५ चं प्रमाण ३ ते ५ टक्क्यांवर न्यावं लागतं. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत जड पाणी (जड हायड्रोजनचं, न्यूट्रॉन फारसे न गिळणारं पाणी) असल्यामुळे तिथे नैसर्गिक युरेनियम आहे तसंच चालतं. बॉम्बसाठी मात्र साधारण ९० टक्के लागतं.

दुसरा फरक वेगाचा. एक अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. भट्टीत त्यातल्या सरासरी एकालाच पुढचा अणू फोडू देतात, बाकीचे नियंत्रक दांडे आणि इतर पदार्थ गिळतात किंवा ते बाहेर निसटतात. बॉम्बमध्ये कुणालाच अडवायचं नसतं आणि सगळा खेळ सेकंदाच्या दहालाखाव्या भागात आटोपतो.

४ टक्के कुठे आणि ९० कुठे, असं वाटेल. पण युरेनियम समृद्ध करण्याच्या, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढवण्याच्या, एकूण मेहनतीतला मोठा वाटा पहिल्या चार टक्क्यांपर्यंत पोचण्यातच खर्च होतो. तिथून पुढचा रस्ता तुलनेनं सोपा आहे. म्हणून इराणनं ६० टक्क्यांपर्यंत मजल मारल्यावर जगाची झोप उडाली. २३५ वेगळं काढणारी गरगर फिरणारी यंत्रं तीच, ती किती वेळ आणि कशासाठी फिरवली एवढाच प्रश्न.

म्हणजे तारापूरची भट्टी बॉम्बसारखी फुटणार नाही?

बॉम्बसारखी नाही. तिथे तसं इंधन नसतं आणि ते एका क्षणात दाबून एकत्र धरणारी रचनाही नसते. पण एवढ्यावर कुणी "मग धोकाच नाही" म्हणायला लागलं, तर त्याला पुढचा प्रश्न विचारा.

भट्टी बंद केली तरी आतली उष्णता बंद होत नाही. बंद केल्याच्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते आणि ती कित्येक दिवस पाणी खेळवून काढावी लागते. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. त्यानंतर त्सुनामी आली, डिझेल जनरेटर पाण्यात गेले, पंप थांबले, इंधन वितळलं आणि साचलेल्या हायड्रोजननं इमारतींची छपरं उडवली. टीव्हीवर दिसलेले ते स्फोट हायड्रोजनचे होते.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, ऑक्टोबर १९६९ पासूनच्या, त्याच घराण्यातल्या आहेत : उकळत्या पाण्याच्या, जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्याच्या आणि फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीपेक्षाही जुन्या. म्हणून तारापूरबद्दल विचारायचा प्रश्न असा, की वीज गेली तर पंप कशावर चालणार आणि तो जनरेटर समुद्रापासून किती उंचावर आहे.

चेर्नोबिलची गोष्ट वेगळी. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चाचणी चालू असताना चौथ्या भट्टीची शक्ती अचानक उसळली, वाफेच्या दाबानं झाकण उडालं आणि आतला ग्राफाइट दिवसेंदिवस जळत राहिला. दोन कामगार त्याच रात्री गेले. आणखी अठ्ठावीस जण, त्यांत बरेच अग्निशमन दलाचे, पुढच्या काही महिन्यांत किरणोत्सर्गानं गेले. तिथल्या गायींच्या दुधातून किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ मुलांच्या पोटात गेलं. पुढच्या वर्षांत थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण निघाले. त्यातले बहुतेक उपचारांनी वाचले. दूध वेळेवर थांबवलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं.

शांततेसाठी दिलेल्या भट्टीतून बॉम्ब निघू शकतो का?

निघू शकतो, आणि त्याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण मुंबईतलंच आहे.

८ डिसेंबर १९५३ ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत "शांततेसाठी अणू" ही कल्पना मांडली. त्या वाऱ्यावर कॅनडानं भारताला ४० मेगावॉटची संशोधन भट्टी दिली, तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेनं दिलं. तिचं नाव सायरस. १९६० साली ती ट्रॉम्बेत चालू झाली. करारात "शांततामय उपयोग" एवढी अट होती. येऊन तपासणारं मात्र कुणी नव्हतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली १९५७ मध्ये, म्हणजे करारानंतर.

नैसर्गिक युरेनियम भट्टीत राहिलं की युरेनियम-२३८ न्यूट्रॉन पचवून हळूहळू प्लुटोनियम-२३९ होतं. खरी मेख पुढे आहे. इंधन भट्टीत थोडेच दिवस ठेवलं तर बॉम्बला हवं तसं शुद्ध प्लुटोनियम मिळतं. विजेसाठी जास्तीत जास्त काळ जाळलं तर त्यात प्लुटोनियम-२४० मिसळत जातं आणि बॉम्बवाल्याची डोकेदुखी वाढते. म्हणजे हेतू ओळखायचा तर भट्टीच्या नोंदवहीत बघायचं : इंधनाची कांडी आत कधी गेली, बाहेर कधी आली आणि पुढे कुठे गेली. सायरसच्या कांड्या पुढे जात होत्या त्या ट्रॉम्बेतच १९६४ साली उभ्या राहिलेल्या प्लुटोनियम कारखान्यात.

१८ मे १९७४ ला पोखरणला जो स्फोट झाला त्यातलं प्लुटोनियम सायरसचं होतं. कॅनडानं अणुसहकार्य तोडलं, तारापूरच्या अमेरिकी इंधनाचा पुरवठा अडचणीत आला आणि अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांचा गट याच धक्क्यातून जन्माला आला. त्याच सायरसमध्ये दवाखान्यांसाठी समस्थानिकंही (तपासणी-उपचारांत वापरायचे किरणोत्सर्गी पदार्थ) तयार होत होती, हेही तितकंच खरं. ३१ डिसेंबर २०१० ला ती कायमची बंद झाली.

१९७४ च्या स्फोटाला "शांततामय" का म्हणत होते?

त्या काळात हा प्रकार भारतानंच काढला होता असं नाही. अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघंही कालवे, बंदरं खणायला आणि नैसर्गिक वायू मोकळा करायला अणुस्फोट वापरण्याचे प्रयोग करत होते. भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभांनीही २४ ऑक्टोबर १९६४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात, चीनच्या पहिल्या चाचणीनंतर आठच दिवसांनी, दहा किलोटनाच्या स्फोटाची किंमत साडेसतरा लाख रुपये सांगितली होती. हा आकडा अमेरिकनांनी अशाच नागरी स्फोटांसाठी काढलेला होता. भट्ट्या, प्लुटोनियमचा कारखाना, माणसं यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. पण संसदेत आणि वर्तमानपत्रांत तो आकडा खूप फिरला.

१९७४ चा प्रयोग हा बॉम्बच होता, असं तो घडवून आणणारे शास्त्रज्ञ राजा रामण्णा यांनीच १९९७ मध्ये मान्य केलं. स्फोटानं कालवा खणला तरी यंत्र बॉम्बचंच असतं, त्यामुळे मला तरी त्या विशेषणात कधी दम वाटला नाही.

लासलगावचा विकिरण केलेला कांदा किरणोत्सर्गी होतो का?

होत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस जसा किरणं फेकत नाही, तसाच हा कांदा.

कारण थोडं समजून घ्या. लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या कांड्या आहेत. काम नसतं तेव्हा त्या खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेल्या असतात. काम सुरू झालं की त्या वर येतात आणि जाड काँक्रीटच्या भिंतींआड माल त्यांच्याभोवती फिरवला जातो. कोबाल्ट मालाला कुठेही शिवत नाही, फक्त गॅमा किरण आरपार जातात. त्या किरणांची ऊर्जा कोंबातल्या पेशींची वाढ थांबवायला पुरते, पण कांद्यातल्या अणूंची केंद्रकं किरणोत्सर्गी करायला पुरत नाही. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा देतात. मसाल्यांमधले जंतू मारायला हजारो ग्रे लागतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की विकिरणानं कोंब थांबतात, सड थांबत नाही. नीट न सुकवलेला उन्हाळ कांदा विकिरण करून दमट चाळीत टाकला तर तो सडायचा तो सडणारच. या तंत्राची जाहिरात करताना ही ओळ हमखास गाळली जाते.

आंब्याची गोष्ट जास्त यशस्वी झाली. कोयीतल्या भुंग्याच्या भीतीनं अमेरिकेनं आपला आंबा बरीच वर्षं घेतला नव्हता. २००७ मध्ये दार उघडलं ते ४०० ग्रे मात्रेच्या अटीवर, आणि पहिली हापूस-केशरची पेटी लासलगावहून विकिरण होऊन गेली. कांद्यासाठी बांधलेलं केंद्र नावारूपाला आलं आंब्यामुळे.

शेतीत अणूचा आणखी काही संबंध आहे?

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं टीएयू-१ उडीद किंवा टीएजी-२४ भुईमूग पेरला असेल, तर संबंध त्याच्याच बांधावर येऊन गेलाय. "टी" ट्रॉम्बेचा, "ए" अकोल्याचा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यांवर किरणं सोडून त्यांच्यात बदल घडवायचे, उपयोगी बदल निवडायचे, गरज पडली तर संकर करायचा आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर शेतात वर्षानुवर्षं पारखायचे, असं हे काम. टीएयू-१ हे वाण १९८५ चं. महाराष्ट्रातल्या उडदाच्या क्षेत्राचा मोठा भाग पुढे कित्येक वर्षं याच एका वाणाखाली होता. दाणा किरणोत्सर्गी असण्याचा प्रश्नच नाही, किरणं मिळाली ती त्याच्या कितीतरी पिढ्या आधीच्या बीला. ट्रॉम्बेचं सगळ्यांत कमी गाजलेलं आणि सगळ्यांत जास्त घरांत पोचलेलं काम हेच असावं.

आणि केमो? ती अणूचीच ना?

नाही. केमो म्हणजे औषधं. लोक ज्याला "शेक" किंवा "लाइट" म्हणतात ते रेडिएशन, आणि त्यातलाही काही भाग विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी दिला जातो, तिथे किरणोत्सर्गी पदार्थ नसतो. कोबाल्टच्या यंत्रात मात्र कोबाल्ट-६० असतं, आणि ते अणुभट्टीत साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉनचा मारा करून तयार होतं. दर सव्वापाच वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते, म्हणून स्रोत बदलावा लागतो. भाभा केंद्रानं यासाठी भाभाट्रॉन हे देशी यंत्र केलं. परळचं टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत का, असं अनेकांना कोडं पडतं. १९६२ पासून ते तसंच आहे.

थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ देतात. चेर्नोबिलला मुलांच्या गळ्यात गेलं तेच हे आयोडीन, फक्त इथे मात्रा डॉक्टर ठरवतो. ते आठ दिवसांत निम्मं होतं. मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळं ठेवतात आणि घरी सोडताना लहान मुलं, गरोदर बायका यांच्यापासून अंतर ठेवायला सांगतात. हे ऐकून घरातले घाबरतात, रुग्णाचं ताट कायमचं वेगळं करतात. तसं करायचं कारण नाही. दवाखान्यानं जितके दिवस सांगितले तितकेच पाळायचे.

हिरोशिमात नेमकं काय झालं होतं?

६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं, त्यातलं प्रत्यक्षात फुटलं ते एक किलोपेक्षाही कमी. तेवढ्यातून साधारण १५ किलोटन, म्हणजे १५,००० टन टीएनटी स्फोटकाइतकी ऊर्जा निघाली. तीन दिवसांनी नागासाकीवर टाकलेला बॉम्ब प्लुटोनियमचा होता, त्यात सहा किलोच्या आसपास प्लुटोनियम होतं. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात अंदाजे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत अंदाजे ७४ हजार माणसं मेली.

आकड्यांपेक्षा एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. हिरोशिमातले बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका एक तर ठार झाले होते किंवा जखमी होते. पूर असो, भूकंप असो, मदत आतून सुरू होते. इथे ती करणारे हातच गेले होते. आपत्ती व्यवस्थापनाच्या कुठल्याही आराखड्यात बॉम्बचं पान का बसत नाही, ते यावरून कळतं.

मग हिरोशिमात आज लोक राहतात आणि चेर्नोबिलला नाही, हे कसं?

प्रश्न नेमका आहे. हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीवर फुटला. किरणोत्सर्गी पदार्थ तयार झाले ते किलोच्या हिशेबात, आणि त्यातले बरेच उष्ण ढगाबरोबर वर जाऊन पांगले. चेर्नोबिलच्या भट्टीत १९० टनांच्या आसपास इंधन होतं, ते जमिनीवरच उघडं पडलं आणि जळत राहिलं. त्यातलं सीझियम-१३७ निम्मं व्हायलाच तीस वर्षं लागतात. हिरोशिमात तर पुन्हा फुललेली कण्हेर आज शहराचं अधिकृत फूल आहे.

यावरून बॉम्ब सौम्य आणि भट्टी जहाल असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा. जमिनीलगत फोडलेला मोठा बॉम्ब मातीच उचलून किरणोत्सर्गी करतो आणि दूरवर टाकतो. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटावर १५ मेगाटनाची चाचणी केली, हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. धोक्याच्या ठरवलेल्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर त्याची पांढरी राख पडली. तेवीस खलाशी आजारी पडले, त्यांच्यातला बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरमध्ये वारला. एप्रिल १९५४ मध्ये नेहरूंनी चाचण्या थांबवण्याची जाहीर मागणी केली ती या पार्श्वभूमीवर.

आज जगात किती अण्वस्त्रं आहेत? भारताकडे?

नऊ देशांकडे मिळून सुमारे १२ हजार, त्यातली जवळपास नव्वद टक्के अमेरिका आणि रशियाकडे. १९८० च्या दशकात हा आकडा ७० हजारांच्या घरात होता. भारताकडे अंदाजे १८० असावीत असं स्टॉकहोमची संशोधन संस्था सिप्री मानते, पाकिस्तानकडेही जवळपास तितकीच. "आधी वापरणार नाही" हे भारताचं जाहीर धोरण आहे. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारतानं सही केलेली नाही, कारण १९६७ पूर्वी ज्यांनी चाचणी केली त्यांना मोकळीक आणि बाकीच्यांना बंदी, ही त्याची रचना. आक्षेप रास्त आहे. पण त्यामुळे आपला बॉम्ब कमी घातक ठरत नाही.

भारत-पाकिस्तानात हिरोशिमाच्या आकाराचे शंभर बॉम्ब पडले तर काय होईल, याचा हिशेब २००७ मध्ये अमेरिकेतल्या हवामानशास्त्रज्ञांनी केला. जळणाऱ्या शहरांची ५० लाख टन काजळी वर जाऊन पृथ्वीचं सरासरी तापमान सव्वा अंशानं उतरेल, असं त्यांचं गणित. म्हणजे युद्धाशी काही देणंघेणं नसलेल्या देशांतलीही पिकं मार खातील.

तपासनीस येतात म्हणजे नक्की काय करतात?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे हे तपासनीस हिशेब तपासतात. किती इंधन आलं, किती भट्टीत आहे, किती वापरून हौदात ठेवलंय, याची मोजणी. झाकणांना सील, हौदांवर कॅमेरे. काम कंटाळवाणं आहे आणि ते कंटाळवाणं राहावं यातच सगळ्यांचं भलं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या कित्येक दशकांपासून या तपासणीत आहेत. २००८ च्या अमेरिकेबरोबरच्या करारासाठी भारतानं नागरी आणि लष्करी केंद्रं वेगळी जाहीर केली. भाभा केंद्र नागरी यादीत नाही.

उलटा प्रवास होतो का? बॉम्बमधून वीज?

होतो, आणि झालाय. १९९३ ते २०१३ या काळात रशियानं मोडलेल्या अण्वस्त्रांतलं ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम पातळ करून अमेरिकेला विकलं. साधारण २० हजार बॉम्बांचा हा ऐवज. त्या वीस वर्षांत अमेरिकेतली सुमारे दहा टक्के वीज याच इंधनावर निघत होती. अमेरिकन शहरांवर रोखलेला माल त्याच शहरांतले फ्रिज चालवत होता. वृत्तपत्रांनी याची फारशी दखल घेतली नाही.

जैतापूरला विरोध करणारे बॉम्बला घाबरतात का?

नाही, आणि त्यांना तसं समजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पासाठी बाहेरून येणाऱ्या त्या भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखालीच येणार. साखरीनाटेच्या मच्छीमाराचा प्रश्न आहे समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा आणि बंदी येऊ शकणाऱ्या मासेमारीच्या हद्दीचा. माडबनच्या शेतकऱ्याचा प्रश्न जमिनीचा. तारापूरसाठी उठवलेल्या पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांचं पुनर्वसन कसं झालं, हे कोकणानं पाहिलेलं आहे. एप्रिल २०११ मध्ये साखरीनाटेत पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला, तेही लोक विसरलेले नाहीत.

खर्चाचा प्रश्नही खराच. जैतापूरला योजलेल्या जातीची भट्टी फ्रान्सनं स्वतः फ्लॅमनव्हिल इथे २००७ मध्ये बांधायला घेतली. ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, मूळ अंदाजाच्या कितीतरी पट खर्चानं. हवामानाच्या दृष्टीनं अणुवीज कोळशाच्या तुलनेत फारच स्वच्छ आहे, याबद्दल मला शंका नाही. पण युनिटला किती पडणार, हे विचारणाऱ्याला विज्ञानविरोधी म्हणणं हा युक्तिवाद नव्हे.

युद्धात कुणी तारापूरवर बॉम्ब टाकला तर?

भारत आणि पाकिस्तानात ३१ डिसेंबर १९८८ ला करार झाला, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, बालाकोट झालं, यादी गेली. मात्र युक्रेनमधलं झापोरिझ्झिया केंद्र २०२२ मध्ये रशियन सैन्यानं ताब्यात घेतलं आणि त्याची बाहेरून येणारी वीज वारंवार तुटली. म्हणजे पुन्हा फुकुशिमाचाच प्रश्न, पंप कशावर चालवायचे.

सामान्य माणसाला प्रत्यक्ष धोका सर्वांत जास्त कुठून?

भंगारातून, असं म्हटलं तर आश्चर्य वाटेल. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुनं, लिलावात निघालेलं प्रयोगशाळेचं यंत्र तोडलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. अनेक जण आजारी पडले, एक कामगार वारला. ब्राझीलमध्ये गोयानिया इथे १९८७ मध्ये असंच सीझियम सापडलं. ते निळसर चमकतं म्हणून लोकांनी घरी नेलं, मुलांना दाखवलं. चौघं दगावले.

पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं पंख्यासारखं चिन्ह असलेली, किंवा आकाराच्या मानानं विलक्षण जड शिशाची पेटी भंगारात दिसली तर ती हलवू नका, उघडू नका, घासून बघू नका. लोकांना लांब करा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. पुढचं अणुऊर्जा नियामक मंडळ आणि आपत्ती दलाची माणसं बघतात, त्यांच्याकडे त्यासाठी मोजयंत्रं असतात. पेटीला आधीच हात लागला असेल तर साबणानं हात धुवा, कपडे बदलून पिशवीत बंद करून ठेवा, आणि डॉक्टरला पेटीबद्दल स्वतःहून सांगा. उलट्या आणि लाल पडलेली कातडी एवढंच बघून रेडिएशन त्याच्या मनात येईलच असं नाही.